फलक छापील, आकडा आजचा

सकाळचा परिपाठ संपतो, वर्गावर्गांतून हजेरी येते आणि शाळेच्या व्हरांड्यातील फलकावर त्या दिवसाचे आकडे लिहिले जातात : पट इतका, उपस्थित इतके, मुले इतकी, मुली इतक्या. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या कोणालाही हा फलक परिचित आहे. पूर्वी तो तेलरंगाने भिंतीवरच रंगविलेला असे. चौकटी पांढऱ्या, आतील घरे काळी आणि त्या काळ्या घरांत खडूने लिहिलेले आकडे. रंगाऱ्याने एकदा आखून दिलेले कायम राही. दररोज बदलणारे तेवढे खडू आणि ओल्या फडक्याच्या स्वाधीन असे. मांडणी साधी होती आणि वर्षानुवर्षांच्या वापराने पक्की झालेली होती.

संगणकावरील छपाई तालुक्याच्या गावी पोहोचली तेव्हापासून रंगाऱ्याची जागा छापील फलकाने घेतली. आता तोच तक्ता व्हिनाइलवर छापून सनबोर्डावर चिकटवून मिळतो. अक्षर देखणे असते, रंग उठावदार असतात, काम एका दिवसात होते. रास्त भाव दुकानातील धान्याची आवक व शिल्लक, उपकेंद्रातील लसीकरणाची तारीख, ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील ग्रामसभेची सूचना, पाणीपुरवठ्याची वेळ, टीसीएल पावडरचा साठा, असे कितीतरी तक्ते या पद्धतीने तयार होतात. चौकट व मथळे छापील, मधली घरे कोरी. मात्र त्या कोऱ्या घरांत कशाने लिहावयाचे आणि लिहिलेले कसे पुसावयाचे, याचा विचार बहुधा फलक भिंतीवर लागल्यानंतर होतो.

परिणाम सर्वत्र सारखाच दिसतो. पहिल्या आठवड्यात मार्करने लिहिलेले डस्टरने पुसले जाते. महिन्याभरात पुसलेल्या आकड्याची फिकट छाया मागे उरू लागते. दोन महिन्यांनी त्या छायेवर दुसरी, दुसरीवर तिसरी चढते आणि कोरे घर राखाडी होते. मग कोणी त्यावर कागदाची चिठ्ठी डकवितो, कोणी पक्क्या शाईच्या पेनाने मोठ्याने गिरवितो. अखेर लिहिणेच थांबते आणि फलकावर केव्हाची तरी तारीख कायमची राहते. यात कर्मचाऱ्याचा आळस असतो असे गृहीत धरले जाते. पुष्कळदा दोष पृष्ठभागाचा असतो.

ही बाब किरकोळ नाही. देवनागरी अंकांत १ आणि ९ यांच्यात एका वळणाचेच अंतर आहे. कालच्या ९ ची छाया पुरती गेली नसेल आणि तिच्यावर आज १ लिहिला असेल, तर चार हातांवरून पाहणाऱ्याला कोणता अंक दिसेल हे सांगता येत नाही. लसीकरण ११ तारखेला आहे की १९ तारखेला, हे त्या एका रेघेवर ठरते. बाळाला कडेवर घेऊन वाडीवरून दोन कोस चालत आलेल्या आईला उपकेंद्राचे दार बंद दिसले, तर ती पुढच्या खेपेस येईलच असे नाही. शिल्लक साठ्याच्या रकान्यात ४० च्या डाव्या बाजूस जुन्या १ ची सावली राहिली, तर दुकानदार व शिधापत्रिकाधारक यांच्यात विनाकारण तंटा उभा राहतो.

फलकावर माहिती लावणे हा आता केवळ सोयीचा भाग राहिलेला नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये माहिती स्वतःहून लोकांपर्यंत पोहोचविण्याची जी साधने सांगितली आहेत, त्यांत सूचनाफलकाचा उल्लेख सर्वांत आधी येतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार कोणती सेवा किती दिवसांत मिळेल आणि त्यासाठी पदनिर्देशित अधिकारी कोण, हे कार्यालयात फलकावर लावावे लागते. लक्ष्यनिर्धारित सार्वजनिक वितरण व्यवस्थेच्या २०१५ च्या नियंत्रण आदेशाप्रमाणे रास्त भाव दुकानदाराने धान्याचे देय प्रमाण, दुकानाच्या वेळा, महिन्यात आलेला साठा, आरंभीची व अखेरची शिल्लक आणि तक्रार कोणाकडे करावी ही माहिती दर्शनी भागी लावावयाची असते. यांतील काही गोष्टी वर्षभर टिकतात, काही रोज बदलतात. फलकाची मांडणी करताना हा भेद ध्यानात घेणे अगत्याचे ठरते.

शाई पुसली जाते म्हणजे काय होते

कोऱ्या माठावर शाईचा थेंब पडला तर तो आत मुरतो. चिनी मातीच्या बशीवर पडला तर वरच राहतो. पुसता येणाऱ्या फलकाचे सारे मर्म एवढ्यातच आहे.

पांढऱ्या फळ्यासाठी मिळणाऱ्या मार्करच्या शाईत चार घटक असतात : रंगद्रव्य, ते विरघळवून किंवा तरंगते ठेवणारे अल्कोहोलसारखे लवकर उडून जाणारे द्रव, रंगाला धरून ठेवणारी राळ आणि एक तेलकट द्रव्य. हे तेलकट द्रव्य सर्वांत महत्त्वाचे. लिहिल्यावर काही सेकंदांत अल्कोहोल उडून जाते, राळ व रंग यांचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि तेलकट द्रव्य त्या पापुद्र्याला पृष्ठभागाशी घट्ट चिकटू देत नाही. म्हणून कोरड्या डस्टरच्या एका फटकाऱ्यात तो भुकटी होऊन सुटतो. पक्क्या शाईच्या पेनात हे तेलकट द्रव्य नसते आणि राळ पृष्ठभागाला घट्ट धरते. दोन्ही पेने दिसावयास सारखी, टेबलाच्या एकाच खणात पडलेली. फलक बिघडण्याच्या निम्म्या कहाण्या या सारखेपणातून सुरू होतात.

पृष्ठभागाला सूक्ष्म छिद्रे किंवा ओरखडे असले की शाई त्यांत शिरते आणि डस्टरचे केस तिथवर पोहोचत नाहीत. छाया उरते ती याच कारणाने. लिहिलेले पुष्कळ दिवस तसेच राहिले तरी तेच घडते. ऊन व उष्णता यांनी शाई वाळून घट्ट होते आणि तिला सुटे ठेवणारे द्रव्य आपले काम करेनासे होते. त्यामुळे रोज पुसला जाणारा हजेरीचा रकाना स्वच्छ राहतो आणि महिन्यातून एकदा बदलणारा रकाना आधी खराब होतो. हे वरकरणी उलटे वाटते, पण शाळेतला कोणताही जुना फळा जवळून पाहिल्यास खात्री पटते.

पृष्ठभागाची पारख

छापील फलकावर नेहमीचे पारदर्शक लॅमिनेशन केले म्हणजे तो पुसता येतो, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. छपाईचे ऊन-पावसापासून रक्षण व्हावे यासाठी जे लॅमिनेशन करतात, ते बहुधा मऊ पीव्हीसीचे असते. ते चकचकीत असेल तर मार्करची शाई त्यावरून पहिल्या दिवशी पुसली जाते आणि सर्वांचे समाधान होते. पुढे मात्र ते डाग धरते. निस्तेज म्हणजे मॅट लॅमिनेशन तर मुळातच खरखरीत असते, तिथे शाई पहिल्याच दिवशी बसते. खास पुसण्यासाठी तयार केलेली फिल्म निराळी असते. ती बहुधा पॉलिएस्टरची असून तिच्यावर कठीण लेप दिलेला असतो. छपाई करणाऱ्या दुकानांत ती ‘ड्राय इरेज फिल्म’ या नावाने मागावी लागते. नुसते ‘वरून लॅमिनेशन करून द्या’ असे सांगितल्यास दुकानदार जे हाताशी असेल ते लावून देतो आणि त्याला दोष देता येत नाही.

फ्लेक्सचा कापडी फलक या कामाला निरुपयोगीच. त्याचा पृष्ठभाग मऊ व विणीचा असतो, लिहिताना तो दबतो आणि शाई धरून ठेवतो. शिवाय १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांना १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, याची जाणीव खरेदी करणाऱ्या कार्यालयाने ठेवावयास हवी.

सुताराकडून करून घेतलेल्या पांढऱ्या चकचकीत सनमायकाच्या फळ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. सनमायका म्हणजे राळेत भिजविलेल्या कागदाचे थर उष्णतेने व दाबाने एकजीव करून केलेला पत्रा. बाजारातील स्वस्त पांढऱ्या फळ्यांचा पृष्ठभागही बहुधा याच जातीचा. नवा असताना तो उत्तम पुसला जातो. वापराने वरचा थर झिजला की छाया धरू लागतो. त्याच्या पाठीशी भुशाच्या दाबलेल्या फळीचा आधार असेल तर कोकणातील पावसाळ्यात ती फळी कडेने फुगते. कमी खर्चात दोन-तीन वर्षांची सोय हवी असेल तर सनमायका चालेल. त्याहून अधिक अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. ॲक्रिलिकचे पारदर्शक पत्रेही काही ठिकाणी वापरले जातात. ते दिसतात काचेसारखे, पण स्पिरिटने वारंवार पुसल्यास त्यांवर बारीक तडे उमटतात आणि कोरड्या धुळीने ओरखडे पडतात.

सर्वांत टिकाऊ पृष्ठभाग इनॅमलचा. पोलादी पत्र्यावर काचेची पूड सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमानाला वितळवून बसविली की तो तयार होतो. घरातील इनॅमलची भांडी आणि रेल्वे स्थानकांवरील जुन्या पाट्या याच जातीच्या. लिहिण्यासाठी वापरावयाच्या इनॅमलच्या पत्र्याकरिता आयएसओ २८७६२ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१० पासून उपलब्ध आहे. त्यावर ओरखडा सहसा पडत नाही, स्पिरिटचा परिणाम होत नाही आणि लोहचुंबकही टिकते. किंमत मात्र जास्त, आणि रेघा व मथळे भट्टीतच पक्के करून घ्यावयाचे तर एकदोन फलकांसाठी कारखाना ते काम घेत नाही. जिल्हा स्तरावर सर्व शाळांसाठी एकाच नमुन्याचा फलक घ्यावयाचा असेल तर इनॅमलचा विचार अवश्य व्हावा. एकट्या ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली ती गोष्ट नाही.

मग ग्रामपंचायतीने काय करावे? याचे उत्तर तसबिरी मढविणाऱ्या कारागिराच्या दुकानात आहे. तक्ता साध्या जाड कागदावर छापून घ्यावा, त्यावर चार किंवा पाच मिलिमीटर जाडीची काच घालावी, चौकट करावी आणि लिहावयाचे ते काचेवर लिहावे. काचेला छिद्रे नसतात, तिच्यावर शाई मुरत नाही आणि वर्षानुवर्षे ती स्पिरिटने पुसली तरी बिघडत नाही. आणखी एक लाभ असा की नमुना बदलला तर नवा कागद छापून आत सरकविता येतो, फलक तोच राहतो. उणिवा आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. काचेच्या जाडीमुळे तिरक्या नजरेने पाहताना आकडा घरातून किंचित सरकल्यासारखा दिसतो, म्हणून घरे ऐसपैस ठेवावीत. मागची बाजू पट्टीने नीट बंद न केल्यास पावसाळ्यात कागदाला ओल लागते व तो काचेला चिकटतो. लहान मुलांचा हात पोहोचेल अशा उंचीवर साधी काच लावू नये. तेथे टफन्ड म्हणजे तापवून कठीण केलेली काचच हवी. ती मागाहून कापता येत नाही, तेव्हा माप आधी पक्के करावे.

उघड्यावर, जेथे दिवसभर ऊन लागते किंवा पावसाचे शिंतोडे येतात, तेथे यांपैकी कोणताही पृष्ठभाग घेतला तरी मार्करची शाई टिकणार नाही. विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात ती भाजून बसते आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसात ओघळून किंवा निघून जाते. अशा जागी जुना काळा रंगविलेला फळा व खडू अद्याप अधिक भरवशाचा आहे. पाऊस आला तर खडूही पुसला जातो हे खरे. पण पुसला गेलेला आकडा कोणाची दिशाभूल करीत नाही.

काय छापावे, काय कोरे ठेवावे

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर होते. वर्षानुवर्षे ते बदलले नाहीत, म्हणून अनेकांना ते कायमचेच वाटले असल्यास नवल नाही. १ जानेवारी २०२३ पासून पात्र लाभार्थ्यांना हे धान्य मोफत मिळू लागले आणि ज्या तक्त्यांवर दर छापील शाईत होते, ते सारे एका दिवसात चुकीचे ठरले. शालेय पोषण आहाराच्या केंद्रीय योजनेचे नावही २०२१ मध्ये बदलून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे झाले.

तेव्हा गावाचे व संस्थेचे नाव, रकान्यांचे मथळे, एकके आणि रेघा एवढेच छापावे. दर, अधिकाऱ्याचे नाव, दूरध्वनी क्रमांक, वेळ यांच्यासाठी घर कोरे ठेवावे. अधिकाऱ्याचे पदनाम छापील आणि व्यक्तीचे नाव हाताने, ही विभागणी बदल्यांच्या दिवसांत फार उपयोगी पडते. एक रकाना मात्र बहुतेक फलकांवर नसतो आणि तो असावयास हवा : ‘ही माहिती कोणत्या तारखेची’. तो नसेल तर बाकीचे आकडे आजचे की गेल्या महिन्याचे हे वाचणाऱ्याला कळण्यास मार्ग नसतो.

घराची उंची पाच सेंटिमीटरांहून कमी नको. रांगेत उभ्या असलेल्या मनुष्याला तीन-चार हातांवरून आकडा वाचता आला पाहिजे. रेघा लॅमिनेशनच्या किंवा काचेच्या खाली असाव्यात. वरून पट्टी चिकटवून किंवा पक्क्या शाईने मारलेल्या रेघा पहिल्या स्पिरिटच्या पुसण्याबरोबर निघून जातात. चकचकीत पृष्ठभागावर समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब पडून निम्मा तक्ता दिसेनासा होतो, म्हणून फलक दारासमोर न लावता आडव्या भिंतीवर लावावा, किंवा त्याची वरची कड थोडी पुढे झुकती ठेवावी.

मागणी नोंदविताना

दरपत्रकात ‘पुसता येणारा फलक’ एवढे लिहून भागत नाही. आधार कशाचा, वरची फिल्म कोणती, ती चकचकीत की मॅट, संपूर्ण पृष्ठावर लावणार की केवळ कोऱ्या घरांवर, हे स्पष्ट लिहावे. ती संपूर्ण पृष्ठावर असणे केव्हाही चांगले. व्हिनाइलवरील छपाईची शाई बहुधा स्पिरिटने सुटते आणि पुसताना फडके मथळ्यावरही फिरतेच. फिल्मची कड छपाईच्या बाहेर काही मिलिमीटर असावी, म्हणजे पाणी व धूळ कडेने आत शिरत नाही. छपाई झाल्याबरोबर फिल्म चढविण्याची घाईही करू देऊ नये. शाईतील द्रव उडून जाण्यास एक ते दोन दिवस लागतात. तो आत कोंडला गेला तर पुढे फुगे येतात. सकाळी फाइल, संध्याकाळी फलक, अशी निकड लावणारे कार्यालय स्वतःच्या हाताने हे फुगे विकत घेते.

सर्वांत उपयुक्त गोष्ट म्हणजे नमुना. तळहाताएवढा तुकडा आधी मागून घ्यावा. कार्यालयात जे मार्कर वापरले जातात त्यांनीच त्यावर तीन ठिकाणी लिहावे. एक लगेच पुसावे, दुसरे दुसऱ्या दिवशी, तिसरे पंधरा दिवसांनी. आणि तोवर तो तुकडा जेथे फलक लागणार आहे त्याच भिंतीवर टांगून ठेवावा. तिसरे लिखाण कोरड्या फडक्याने स्वच्छ निघाले तर मागणी नोंदवावी. पंधरा दिवस थांबणे मार्चअखेरीस कठीण जाते हे खरे, म्हणून हा नमुना दिवाळीच्या सुमारास मागविलेला बरा.

निगा

नव्या फलकावर संरक्षणासाठी लावलेला पातळ पापुद्रा आधी काढावा. पुष्कळ ठिकाणी तो तसाच राहतो आणि लोक त्याच्यावरच लिहू लागतात. लिहिल्यावर शाई वाळू द्यावी, मग पुसावी. ओली शाई पुसल्यास ती पसरते. बोटाने पुसण्याची सवय मोडावी, कारण हाताचा तेलकटपणा पृष्ठभागावर बसतो आणि पुढची शाई त्यावर नीट वाळत नाही. पावसाळ्यात काचेवर दमटपणा असतो. तेव्हा आधी कोरडे फडके फिरवून मगच लिहावे. डस्टर भुकटीने भरला की तो पुसण्याऐवजी काळे फासू लागतो, म्हणून तो आठवड्यातून एकदा धुऊन वाळवावा. जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे मऊ फडके विकतच्या डस्टरइतकेच चांगले काम देते. खडूचा फळा व मार्करचा फळा शेजारी शेजारी असल्यास खडूची पूड मार्करच्या टोकात जाते आणि तेच टोक मग ओरखडे काढते. दोघांची फडकी तरी निराळी ठेवावीत.

महिन्यातून एकदा किंवा छाया दिसू लागताच औषधांच्या दुकानात मिळणारे सर्जिकल स्पिरिट मऊ फडक्यावर घेऊन पुसावे, आणि मग स्वच्छ ओल्या व कोरड्या फडक्याने. स्पिरिट ज्वालाग्राही असते, ते पोषण आहाराच्या चुलीजवळ ठेवू नये. करोनाच्या काळापासून प्रत्येक कार्यालयात हात निर्जंतुक करण्याचे द्रव असते आणि तेच फलकावरही वापरले जाते. त्याने डाग निघतो, पण हाताची त्वचा मऊ राहावी म्हणून त्यात बहुधा ग्लिसरीन घातलेले असते व त्याचा थर मागे राहतो. त्यानंतर पाण्याने पुसून घ्यावे. खोबरेल तेलाने डाग निघतो तो असाच, तेलाचा थर मागे ठेवून. रॉकेलचीही तीच गत. भांडी घासण्याची पूड, राख, काथ्या यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. त्यांनी डाग जातो तो पृष्ठभागासकट. थिनर फिल्मच्या कडेने आत शिरल्यास छपाई उचलते.

पक्क्या शाईने चुकून लिहिले गेले तर घाबरण्याचे कारण नाही. त्याच अक्षरांवर पुसता येणाऱ्या मार्करने पूर्ण गिरवावे आणि ओले असतानाच पुसावे. नव्या शाईतील अल्कोहोल जुनी शाई विरघळविते आणि दोन्ही बरोबर निघतात. राहिलेला अंश स्पिरिटने जातो. हा उपाय काच, इनॅमल व चांगली फिल्म यांवर चालतो; झिजलेल्या सनमायकावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. मार्कर आडवे ठेवावेत. टोक वर करून ठेवल्यास शाई मागे उतरते, आणि टोपण सैल राहिले तर एका उन्हाळी दुपारी ते सुकून जाते. पक्क्या शाईची पेने फलकाजवळच्या खणात ठेवूच नयेत. ती आवक-जावक नोंदवहीपाशी राहू द्यावीत.

स्पिरिटनेही छाया जाईनाशी झाली म्हणजे पृष्ठभागाचे आयुष्य संपले असे समजावे. पण खालची छपाई शाबूत असेल तर फलक टाकून देण्याची गरज नाही. तो उतरवून, पुसून, पूर्ण वाळवून त्यावर नवी फिल्म चढविता येते. जुनी छाया फारच गडद असेल तर कोऱ्या घरांवर आधी पांढऱ्या व्हिनाइलचे तुकडे लावून मग फिल्म चढवावी. त्याहून सोपे म्हणजे तोच फलक तसबिरीच्या चौकटीत काचेखाली घालणे. हे काम पुन्हा फिल्म चढविण्यापेक्षा महाग पडते की स्वस्त, हे फलकाच्या मापावर अवलंबून राहील. तालुक्याच्या गावी दोन्हीकडची दरपत्रके एकाच फेरीत मागविता येतात.